जुन्या फटफटीला किक मारण्याची रीत



भात, भाजीपाला आणि दुभती जनावरं सोडून आज हा माणूस फटफटीवर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण पावसाळ्यात कल्याण, मुरबाड, शहापूर, अंबरनाथ या तालुक्यांत हिंडताना मला करप्याविषयी आणि खोडकिड्याविषयी जितके लोक विचारतात, जवळजवळ तितकेच लोक "साहेब, गाडी किक घेत नाही, काय करावं?" म्हणून विचारतात. आणि ते बरोबरच आहे. पहाटे दुधाचे कॅन कल्याणला पोचवायचे, भेंडी-काकडीच्या पाट्या बाजारात न्यायच्या, खताची गोणी वाडीवर आणायची, ही सगळी कामं ज्या गाडीवर होतात ती गाडी म्हणजे शेतीचं अवजारच. नांगराचा फाळ जसा पेरणीआधी पाहायचा, तशी गाडीही पाहायला हवी.

शहरात बटन दाबून सुरू होणाऱ्या गाड्या आल्या. पण आपल्या वाड्या-पाड्यांवर, गोठ्याशेजारी, पेंढ्याच्या आडोशाला अजून जुन्या गाड्या उभ्या आहेत. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली जावा आणि तिच्या पाठची येझदी, मद्रासची बुलेट. जावा १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागली, १९७३ पासून तिला येझदी हे नाव मिळालं, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. राजदूतही आता निघत नाही. म्हणजे या गाड्यांना आता कंपनीचं हँडबुक नाही, सर्व्हिस सेंटर नाही. जुना मिस्त्री आणि आपली अक्कल, एवढ्यावरच त्या चालतात. या गाड्या चिखलाला मात्र भीत नाहीत. जावाच्याच देशातली, चेकोस्लोव्हाकियातली सीझेड नावाची टू-स्ट्रोक गाडी घेऊन ज्योएल रोबेर या बेल्जियमच्या स्वारानं १९६४ साली चिखल-मातीतल्या शर्यतीचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. आपला मुरबाडचा मातीचा रस्ता काही त्याहून फार वेगळा नाही. फक्त तिथं शर्यतीआधी गाडी रात्रभर तपासतात, आणि आपण सकाळी चहा घेऊन थेट लाथ मारायला जातो.

आता माझी एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी, मी नोकरीत नवाच होतो. जुलै महिना, एका पाड्यावर चारसूत्री भात लागवडीची बैठक होती. बैठक संपेतो अंधार पडला, पाऊस धो धो. निघायच्या वेळी शेजारच्या घरातून आरडाओरडा झाला. घरची सून पडवीत लाकडं काढायला गेली आणि तिला साप चावला. फोनला रेंज नाही, ओढ्याला पाणी चढलेलं, जीप वर यायची नाही. पाड्यावर गाडी एकच, माझी. वडिलांनी वापरलेली येझदी.

मी घाईनं चोक ओढला, रेस पिळली आणि किक मारू लागलो. दहा झाल्या, वीस झाल्या. घाम फुटला. नाकाला पेट्रोलचा भपका येऊ लागला तरी मी आपला मारतोच आहे. तेवढ्यात एक म्हातारे दूधवाले आप्पा पुढे आले. त्यांची सारी उमर राजदूतवर दूध घालण्यात गेलेली. म्हणाले, "साहेब, बाजूला व्हा. गाडी बुडवलीत तुम्ही. लाथा मारून काय व्हतंय? तिला काय हवंय ते तरी बघा."

त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला. चोक मागे ढकलला. चावी बंद ठेवून रेस पूर्ण उघडी धरली आणि शांतपणे दहा-बारा किका मारल्या. मग प्लग काढला. प्लग पेट्रोलनं चिंब. तो आत नेऊन कोरड्या फडक्यानं पुसला, चुलीच्या धगीवर थोडा शेकला आणि परत बसवला. चावी चालू, रेस बंद, चोक नाही. दुसऱ्या किकला गाडी बोलली. मग कॉक उघडला. ती बाई आणि मागे तिचा दीर, असे आम्ही तिघे निघालो. वेळेत औषध मिळालं, पाचव्या दिवशी बाई घरी आली. पण मी घालवलेली ती पंधरा मिनिटं मला अजून आठवतात.

इथं एक सांगून ठेवतो. साप चावला तर आधी १०८ ला फोन करायचा. रेंज नसेल तर एकानं रेंज असलेल्या टेकाडावर पळायचं. माणसाला चालवायचं-पळवायचं नाही, जखमेवर चीर द्यायची नाही, दोरीनं आवळून बांधायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. हा विषय वेगळा आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. इंजिन सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, सिलिंडरात दाब, आणि नेमक्या वेळी ठिणगी. किक मारताना आपला पाय फक्त दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली-वर करतो. बाकीचं जागेवर नसेल तर भीमानं किक मारली तरी गाडी सुरू होणार नाही. म्हणून जोरापेक्षा क्रम महत्त्वाचा.

सकाळी गाडी थंड असताना असं करा. गाडी सपाट जागी उभी करा आणि न्यूट्रल आहे याची हलवून खात्री करा. कॉक उघडा आणि थोडं थांबा, पेट्रोल खाली उतरू द्या. ज्या जुन्या कार्बोरेटरवर दाबायची बारीक पिन असते, ती पेट्रोलचा ओलावा दिसेपर्यंतच दाबा. धार लागेपर्यंत नव्हे. पिन नसेल तर चोक द्या. आता चावी बंद ठेवूनच दोन-तीन किका सावकाश मारा. यानं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. मग चावी चालू करा. किक हळूहळू पायानं दाबत न्या. एका जागी ती घट्ट लागेल. तिथं पिस्टन दाबाच्या घरात आला. बहुतेक माणसं इथंच जोर लावतात आणि इथंच चुकतात. तिथून किक वर येऊ द्या, आणि मग वरून खालपर्यंत एकच लांब, भरीव किक मारा. तुकड्या-तुकड्याच्या दहा किकांपेक्षा ही एक बरी. रेस पिळू नका. फार तर करंगळीएवढी उघडा. गाडी लागली की चोक लगेच काढू नका, दोन मिनिटांत हळूहळू काढा.

गाडी गरम असेल, म्हणजे बाजारात जाऊन तासाभरात परत निघायचं असेल, तर चोक आणि पिन यांना हातही लावायचा नाही. रेस किंचित उघडी ठेवून किक मारायची. गरम गाडीला चोक देणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला परत पानावर बसवणं.

येझदीवाल्यांना एक खूण सांगतो. गिअरचा पट्टा आणि किक तिथं एकच आहे. पट्टा फिरवून उभा केला की तो किक होतो. गाडी सुरू झाल्यावर तो पूर्ण आपल्या जागी बसला का, हे पाहूनच पाय उचला. नवा माणूस घाईत तो अर्धवट ठेवतो आणि मग गिअर पडत नाही म्हणून गाडीला शिव्या देतो.

बुलेटचं प्रकरण जरा वेगळं. ती फोर-स्ट्रोक, एकाच मोठ्या सिलिंडरची. तिचा दाब भारी आणि तिची उलटी लाथही भारी. पाय मोडलेली, घोटा सुजलेली माणसं मी पाहिली आहेत. एकदा माझाही घोटा तीन आठवडे बांधलेला होता. ही लाथ का बसते ते नीट समजून घ्या. पिस्टन वर जात असताना, तो माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पडली, आणि किकचा जोर कमी असला, तर पेटलेलं मिश्रण पिस्टनला उलट खाली ढकलतं. किक उसळून पायावर येते. म्हणजे घाबरत मारलेली अर्धी किक हीच सर्वांत धोक्याची.

बुलेटवर त्यासाठी दोन सोयी दिलेल्या आहेत. एक, डीकॉम्प्रेसरचा छोटा दांडा. दुसरी, हेडलाइटच्या वरच्या भागातला अँपिअर मीटर. आधी क्लच दाबून दोन-तीन किका मारा, म्हणजे रात्रभर तेलानं चिकटलेल्या क्लचच्या प्लेटा सुटतील. मग क्लच सोडा, चावी चालू करा आणि किक हळू दाबत न्या. मीटरचा काटा एका बाजूला झुकलेला असेल तो मध्यावर येईल आणि किक घट्ट लागेल. तिथं थांबा. डीकॉम्प्रेसर दाबा, किक अगदी बोटभर पुढे सरकवा, डीकॉम्प्रेसर सोडा. किक पूर्ण वर येऊ द्या. आता पिस्टन माथा ओलांडून गेला आहे. आता शरीराचा भार टाकून एक पूर्ण किक मारा. गुडघा ताठ ठेवू नका, थोडा वाकलेला असू द्या. तळपायाच्या मधल्या भागानं किक मारा, टाचेनं नको. आणि स्लिपर घालून तर मुळीच नको. किकवरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असतं, पावसात पाय सटकतो आणि नडगी सोलून निघते. चाळीस-पन्नास रुपयांच्या रबरासाठी महिनाभर घरी बसलेला गडी मला माहीत आहे. इतकं करूनही बुलेट वारंवार उलटी मारत असेल, तर किकचा दोष नाही. टायमिंग पुढे गेलं आहे, किंवा पॉइंटजवळच्या अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या आहेत किंवा अडकल्या आहेत. मिस्त्रीकडे जा.

आता गाडी लागतच नसेल तर काय पाहायचं? पाच-सात किकांत लागली नाही की थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही. प्लग काढा. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झालं आहे. आप्पांनी केलं तसं करा. प्लग कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल येतच नाही. कॉक, पाइप, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आणि कार्बोरेटरचा जेट पाहा. झाकणाचं भोक चिखलानं बुजलं म्हणून गाडी बंद पडते हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. प्लगवर काळी तेलकट काजळी असेल तर तो घासून साफ करा, फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवा.

ठिणगी पाहायची असेल तर प्लग टोपीत घालून त्याचं धातूचं अंग सिलिंडरच्या पाखांना टेकवा, टोपीला हात न लावता रबरावर धरा, आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. निळी, टकटकीत ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, मरतुकडी असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा पॉइंट काळे पडले आहेत. पॉइंटमध्ये पॉलिश पेपरची पट्टी एक-दोनदा फिरवून कोरड्या फडक्यानं पुसलं की पुष्कळदा काम होतं. पण ही परीक्षा करताना प्लग त्याच्या भोकापासून दूर धरा. पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी पुसून वाळू द्या. विडी तर लांबच ठेवा. पेट्रोलच्या वाफेला ठिणगी मिळाली की भडका उडायला वेळ लागत नाही, आणि आपल्या गाड्या पेंढ्याजवळ उभ्या असतात.

पावसाळ्यातली निम्मी तक्रार प्लगच्या टोपीत शिरलेल्या पाण्याची असते. टोपी काढून आतून पुसा, वायरचं रबर फाटलेलं असेल तर बदला. गाडी गोठ्याबाहेर ठेवताना तिच्यावर इरलं टाकलं तरी चालेल. माझ्या माहितीत एक जण खरोखरच टाकतो, आणि त्याची गाडी पहिल्या किकला लागते.

पेट्रोलविषयी दोन शब्द. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्या उसाचं, मक्याचंच आहे, म्हणून त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. कोकणातल्या दमट हवेत गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली, टाकी अर्धी रिकामी असली, तर पाणी धरलेलं इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं आणि पहिल्यांदा तेच कार्बोरेटरमध्ये उतरतं. मग किका मारून पाय दुखतो. शंका आली तर कॉकखालून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते काढून टाका. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, कार्बोरेटर रिकामा करा. जुने रबरी पाइप आणि वॉशर इथेनॉलनं फुगतात, तडकतात. इथेनॉलला टिकणारा पाइप मागून घ्या. रॉकेल मिसळून पैसे वाचवणारे अजून भेटतात. त्यांची गाडी सकाळी का लागत नाही, हे मी सांगायची गरज नसावी.

राजदूत-येझदीला तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. लिटरला चाळीस मिलिलिटर म्हणजे पंचविसाला एक. तुमच्या गाडीच्या जुन्या हँडबुकात जे प्रमाण असेल तेच पाळा. अंदाजानं ओतू नका, मापाचं भांडं ठेवा. तेल जास्त झालं तर प्लग काजळतो, कमी झालं तर पिस्टन जाम होतो, आणि हा दुसरा खर्च मोठा. रात्री गाडी लावताना घरापासून थोडं आधीच कॉक बंद करायची सवय लावा. जुने कॉक गळतात, रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरतं आणि सकाळी गाडी बुडालेली मिळते.

पुरात बुडालेल्या गाडीला मात्र किक मारू नका. २६ जुलै २००५ ला कल्याण-बदलापूर पट्ट्यात काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पाण्यात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हाही काठच्या गावांतल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर लोक पहिलं काम करतात ते किक मारण्याचं. सिलिंडरात पाणी असेल तर ते दाबलं जात नाही; जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. आधी बॅटरीची वायर सोडवा, प्लग काढा, मग किक हातानं हळूहळू फिरवा, पाणी प्लगच्या भोकातून बाहेर पडू द्या. सायलेन्सर वाकवून रिकामा करा. टाकी, कार्बोरेटर आणि बुलेट असेल तर इंजिनाचं ऑइल, सगळं काढून नवं भरा. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे हे नक्की.

हीच गोष्ट पंपाच्या आणि पॉवर टिलरच्या डिझेल इंजिनाची. हँडल मारून सुरू होणाऱ्या इंजिनाला डीकॉम्प्रेशनचा दांडा असतो. तो उचलून धरा, हँडल फिरवत वेग येऊ द्या, मग दांडा सोडा. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांड्याला वेढा घालू नका. इंजिननं उलट मारली तर हात सुटून बाजूला होईल. अंगठा वेढलेला असेल तर मनगट जातं. ऐन लावणीत मनगट गेलं तर आवण कोण लावणार?

कागदपत्रांचंही एक बघा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, पीयूसी लागतं. पन्नास वर्षांपुढच्या गाडीला २०२१ च्या नियमांत 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आहे, पण ती गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. तेव्हा दूध घालायच्या गाडीला कुणी हौसेनं ते लेबल लावून देतो म्हणाला तर आधी विचार करा.

मृग लागण्याआधी अर्धा दिवस काढा. प्लग साफ, पॉइंट साफ, टोपीचं रबर, किकचं रबर, कॉकची गळती, क्लचची केबल, एवढं पाहून घ्या. सीटखाली एका प्लॅस्टिकच्या पिशवीत प्लगचा पाना, एक जादा प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा आणि कोरडं फडकं बांधून ठेवा. मी त्या रात्रीपासून ठेवतो. मागच्या श्रावणात आप्पांना भेटलो तेव्हा त्यांनी सीट उचलून पिशवी पाहिली, फडकं हातात घेऊन म्हणाले, "हे ओलं हाय, साहेब." खरंच ओलं होतं. दुसरं घेतलं.